भाव वाढले म्हणून

दादाने सिगारेट सोडली ती सरकारने कर वाढवला म्हणून, असं त्यानेच सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं. सगळ्यात आधी मानलं ते त्याच्या धाकट्या बहिणीने. तिला घरात आणि गल्लीत सगळे धाकटीच म्हणायचे. कानामागचे केस पांढरे व्हायला लागले तरी ती धाकटीच राहिली. आणि गंमत अशी, की या धाकटीचं पोट लोकांना सिगारेट सोडायला लावण्यावरच चालत होतं. पाकिटाच्या मागे तो काळ्या चौकटीतला नंबर असतो ना, सोडायची असेल तर फुकट फोन करा म्हणून, तो लावला की पलीकडे जी बाई बोलते, त्या बायांपैकी ही एक. कित्येक अनोळखी माणसांच्या ओठांवरची सिगारेट तिने नुसत्या बोलण्याने काढून घेतली होती. सख्ख्या भावापुढे मात्र तिने हात टेकले होते.

दादा फ्रिज दुरुस्त करायचा. आई-वडील लवकर गेले, तेव्हा धाकटी शाळेत होती आणि दादा एका वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागलेला होता. तिथेच तो फ्रिज उघडायला शिकला आणि तिथेच सिगारेट ओढायला. पहिल्याने बहिणीचं शिक्षण झालं, दुसरीने त्याची सोबत केली. धाकटी शाळेत असतानाच त्याचं लग्न झालं, वहिनी आली, पुढे तळमजल्यावर स्वतःचं दुकान झालं, त्याच्या मागे दोन खोल्या झाल्या. मूलबाळ झालं नाही. जी काय होती ती धाकटीच. ती वरच्या खोलीत राहायची आणि दोन वेळा जेवायला खाली यायची.

सिगारेटवरून भावाबहिणीची भांडणं म्हणजे रोजचाच रतीब. तिने पाकिटं लपवली, पाण्यात बुडवली, अबोला धरला, एकदा तर त्याच्यासमोर बसून ढसाढसा रडली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. दादा म्हणायचा, "तू आधी जगाला सुधार. मी तुझ्यासाठी एक गिऱ्हाईक शिल्लक ठेवतोय. उद्या सगळ्यांनीच सोडली तर तुझी नोकरी जाईल की." असं म्हटल्यावर चिडायचं की हसायचं तेच तिला कळायचं नाही. बहुतेक वेळा ती हसायची, आणि मग हसल्याबद्दल स्वतःवर चिडायची.

आणि मग अर्थसंकल्पात सिगारेटवरचा कर वाढला. साधासुधा नाही, चांगला घसघशीत. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा जेवायला आत आला, खिशातलं अर्धं पाकीट काढून त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि म्हणाला, "बास झालं. या भावात सरकारने निदान धूर तरी रंगीत द्यायला हवा होता."

वहिनीला वाटलं थट्टा आहे. पण संध्याकाळी त्याने ओढली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि त्यानंतरही नाही. वहिनी हसून धाकटीला म्हणाली, "तुझ्या एवढ्या वर्षांच्या प्रवचनांना जे जमलं नाही, ते सरकारने एका फटक्यात केलं बघ."

धाकटीला आभाळ ठेंगणं झालं, हे खरं. पण त्या आनंदात एक कुसळही टोचत होतं. आपल्या रडण्यापेक्षा याला चार पैसे जड झाले? एवढं सगळं बोललो, ते त्याने नुसतं ऐकून सोडून दिलं? मग ती स्वतःलाच दटावायची, की सोडली ना, मग कशासाठी का सोडेना. आणि एकदा सोडलीय तर आता उकरून काढायला नको. कारण विचारायला जायचं आणि हा हट्टी माणूस तेवढ्यावरून पुन्हा सुरू करायचा. तिने काही विचारलं नाही.

आता हे न विचारणं कोणी केलं, तर जिची सगळी नोकरीच विचारण्याची होती तिने.

त्यांचं ऑफिस एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. एक लांबट खोली, मध्ये पुठ्ठ्याचे आडोसे, प्रत्येक आडोशात एक बाई, तिच्या कानावर हेडफोन. भिंतीवर एक बोर्ड, किती माणसं रांगेत ताटकळतायत ते दाखवणारा. एरवी तो बोर्ड जांभया देत असायचा. पण कर वाढला की आठ-पंधरा दिवस नुसती झुंबड. या खेपेला तर सगळ्यांच्या नाकी नऊ आले. एकाने फोन करून सरकारला शिव्या घातल्या आणि "हे वरपर्यंत कळवा" म्हणाला. एकाने विचारलं, की तुमच्याकडून सवलतीत मिळतात का. एका बाईने नवऱ्याचं नाव नोंदवलं आणि तो तिच्या मागून "मी नाही सोडणार" असं ओरडत होता. धाकटीला फोनवर सगळे ताई म्हणायचे. दिवसभर ताई, ताई, ताई.

का सोडायचीय असं विचारलं, की सगळ्यांचं उत्तर एकच, भाव वाढले.

धाकटीची एक पद्धत होती. माणसाने दिलेलं पहिलं कारण ती कधी घ्यायची नाही. "बरं, आणि?" एवढंच म्हणायची आणि गप्प बसायची. ते गप्प बसणं शिकायला तिला फार वर्षं लागली होती. पलीकडे माणूस चुळबूळ करायचा, घसा खाकरायचा, आणि मग खरं बाहेर यायचं. मुलगी जवळ येत नाही, वास येतो म्हणते. जिना चढताना धाप लागते. मित्र गेला गेल्या महिन्यात. भाव हे पुरुषांचं सांगायचं कारण असतं, असं ती नव्या मुलींना शिकवायची. पैशाचं बोलायला कोणाला लाज वाटत नाही. भीतीचं बोलायला वाटते.

पण झुंबडीत ही पद्धत चालेना. त्यांच्या शिफ्टवर देखरेख करणारी एक बाई होती. कोणाचा फोन किती वेळ चालला हे ती सारखी बघत असायची, म्हणून तिचं नाव पडलं होतं घड्याळबाई. तिने हुकूम काढला. भाव म्हणणाऱ्यांना भाव या खात्यात टाका, सोडायची तारीख ठरवून द्या आणि पुढचा फोन घ्या. आजारपण म्हणणाऱ्यांना तेवढं पुन्हा फोन करायच्या यादीत घ्या. बाकीचं सगळं त्यांना मोबाइलवर संदेशात जातंच. घड्याळबाईचंही चुकत नव्हतं म्हणा. रांगेतली माणसं कंटाळून फोन ठेवत होती, आणि ठेवलेला फोन पुन्हा येत नाही.

धाकटी आधी कुरकुरली, मग तिलाही तो वेग अंगवळणी पडला. सिगारेट सोडली की काय काय होतं ते ती पूर्वी नीट समजावून सांगायची. त्यातलं एक असं, की पहिले काही आठवडे खोकला वाढतो, घाबरायचं नाही, फुफ्फुसं आपली झाडलोट करत असतात. पण थुंकीतून रक्त आलं किंवा वजन उतरायला लागलं तर मात्र एक दिवसही न थांबता डॉक्टरकडे जायचं. हे ती एका दमात म्हणायची. झुंबडीत त्याचं शेपूट गळून पडलं. खोकला वाढेल, घाबरू नका, झाडलोट चाललीय, ठेवू का? दिवसभरात हे इतक्यांदा म्हणून व्हायचं, की जिभेला तेवढंच वळण पडलं.

घरी दादाचा खोकला वाढला होता. पूर्वीही तो खोकायचा, पण आता खोकता खोकता त्याला टेबल धरावं लागायचं. एका संध्याकाळी धाकटी स्वयंपाकघरात वहिनीला भाजी चिरून देत होती. दुकानातून खोकल्याची लांबच लांब उबळ ऐकू आली. वहिनीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"मी उद्या यांना डॉक्टरकडे नेणार आहे," वहिनी म्हणाली. "मला हे बरं दिसत नाही."

धाकटी हसली. "अगं वहिनी, हे तर चांगलं लक्षण आहे. सिगारेट सुटली की खोकला वाढतोच. आतली झाडलोट चालू असते. मी दिवसभर हेच सांगते लोकांना. दोन-तीन महिन्यांत बघ कसा ठणठणीत होतो."

"नक्की ना?"

"माझं कामच आहे ते. उगाच त्याला दवाखान्यात नेऊन घाबरवलंस तर पुन्हा ओढायला लागेल."

वहिनीचा जीव भांड्यात पडला. उद्याचं नेणं राहिलं. थोड्या वेळाने दादा आत आला तो खुशीत, शीळ घालत. धाकटीच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "काय गं, आमची साफसफाई चाललीय म्हणे." तिघंही हसले. त्या जेवणाइतकं हसत हसत झालेलं जेवण त्या घरात पुन्हा झालं नाही.

त्यानंतर तो वाळायला लागला. पँट कमरेवर राहीना, म्हणून त्याने पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं. सिगारेट सुटली की भूक वाढते, माणूस सुटतो, हे धाकटी फोन करणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. वजन वाढेल म्हणून घाबरणाऱ्या बायकांची समजूत काढायची. आणि तिच्या डोळ्यांसमोर तिचा भाऊ अर्धी पोळी ताटात टाकून उठायचा. ते तिला दिसलं नाही असं नाही. दिसलं, आणि तिने त्यावर पांघरूण घातलं. उन्हाळा आहे. दुकानात काम फार आहे, उन्हाळ्यात सगळ्यांचे फ्रिज एकदम बिघडतात. माणसाला जे नको असतं त्याला कारणं काय, हवी तेवढी मिळतात. फोनवर दुसऱ्या कोणी हेच सांगितलं असतं तर तिने तिथल्या तिथे त्याची हजेरी घेतली असती.

ऑफिसात तिच्या शेजारच्या आडोशात नर्सबाई बसायच्या. हॉस्पिटलातून निवृत्त होऊन इथे आलेल्या, थोरल्या, भारदस्त. धाकटीचा त्यांच्यावर जीव होता. झुंबड ओसरल्यावर धाकटी त्यांना म्हणाली, "बाई, एकदा घरी जेवायला या. माझा भाऊ बघा. एवढी वर्षं ज्याच्या नावाने मी तुमच्यापाशी रडले, त्याने सोडली."

रविवारी दुपारी नर्सबाई आल्या. वहिनीने चार पदार्थ केले होते. दादा दुकानातून हात पुसत आला आणि म्हणाला, "या या. आमच्या धाकटीने तुम्हालाही माझ्या चहाड्या सांगितल्या असतील. पण आता मी सरळ झालोय. सरकारनेच केलं." आणि त्याला उबळ आली.

नर्सबाईंनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. या फोनवरच्या बायांचं एक असतं. चेहरे त्यांना कोणाचेच माहीत नसतात, पण एकदा ऐकलेला आवाज त्या विसरत नाहीत. नर्सबाईंचा हसरा चेहरा एकदम उतरला. जेवताना त्या पानातलं नुसतं चिवडत राहिल्या. वहिनीला वाटलं, जेवण आवडलं नाही.

धाकटी त्यांना बसपर्यंत सोडायला गेली. कोपऱ्यावर नर्सबाई थांबल्या आणि त्यांनी तिचं मनगट धरलं.

"उद्या भावाला मोठ्या हॉस्पिटलात ने. छातीचा फोटो काढायला लाव."

"का हो बाई?"

"का ते विचारू नकोस. फोनवर जे ऐकलं ते फोनवरच ठेवायचं, हा नियम तूच मला शिकवलास. मी काही सांगितलेलं नाही. पण उद्या ने. परवा नको."

धाकटी तिथेच उभी राहिली. नर्सबाईंची बस आली, गेली. म्हणजे दादाने फोन केला होता. आपल्याच लाइनवर, आपली सुट्टी बघून. आणि नर्सबाईंनी असं काहीतरी ऐकलं होतं, जे आपण घरात राहून ऐकलं नाही. 

ती तशीच दुकानात गेली. दादा एका फ्रिजच्या मागे जमिनीवर बसून पाना फिरवत होता. तिने दुकानाचं दार आतून लावून घेतलं.

"दादा, तू सिगारेट का सोडलीस?"

"भाव वाढले म्हणून."

"बरं. आणि?"

दादाने पाना खाली ठेवला. ती काही बोलली नाही. फ्रिजची मोटर मध्येच घरघरली आणि बंद पडली. दादा फडक्याने बोटं पुसत राहिला, एकेक बोट, स्वच्छ झालं तरी.

"थुंकीत लाल दिसायचं," तो शेवटी म्हणाला. "कर वाढायच्या आधीपासून. तेव्हाच सोडायची ठरवली होती. पण तुम्हाला काय सांगू, का सोडली? तेवढ्यात सरकारने भाव वाढवले. म्हटलं, बरं झालं. आयतं कारण मिळालं."

"मला का नाही सांगितलंस?"

"कुठल्या तोंडाने सांगणार? एवढी वर्षं तू घसा कोरडा केलास. मी थट्टा केली. तुझं खरं ठरलं, हे तुलाच येऊन सांगायचं?" तो हसायला गेला आणि त्याला ते नीट जमलं नाही. "तुमच्या त्या नंबरवर केला होता फोन. एक बाई होत्या. आधी भाव वाढल्याचंच सांगितलं. ठेवता ठेवता रक्ताचं विचारलं. त्या म्हणाल्या, आजच डॉक्टरकडे जा. फार कळकळीने म्हणाल्या. मी म्हटलं, माझी बहीण यातलीच आहे, तिला विचारतो आणि जातो."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारणारच होतो गं. त्या संध्याकाळी हिय्या करून आत येत होतो. दारापाशी पोचलो, तर तू वहिनीला सांगत होतीस. खोकला म्हणजे चांगलं लक्षण, आतली झाडलोट चाललीय. मी तिथेच थांबलो. म्हटलं, मग ते लालही झाडलोटीतलंच असणार." तो तिच्याकडे पाहत होता, अगदी निर्मळपणे. "आयुष्यात पहिल्यांदा तुझं ऐकायचं ठरवलं होतं मी. एवढं हलकं वाटलं मला त्या दिवशी, काय सांगू."

 धाकटी त्याच्यासमोर जमिनीवर बसली. रक्ताचं माहीत नव्हतं मला, असं तिला म्हणायचं होतं. माहीत असतं तर मी तुला उचलून नेलं असतं. पण वजन तर दिसत होतं. पट्ट्याचं भोक तर दिसत होतं. दादाने मळक्या हाताने तिच्या पाठीवर थोपटलं, जणू आजारी तीच होती.

दुसऱ्या दिवशी तिघं हॉस्पिटलात गेली. तपासण्या झाल्या, आणखी तपासण्या झाल्या. डॉक्टरने छातीचा फोटो प्रकाशावर धरला तेव्हा दादा म्हणाला, "साहेब, नुसता गॅस संपलाय की कॉम्प्रेसरच गेलाय, तेवढं सांगा." डॉक्टर तरुण होता. त्याला हसता आलं नाही. त्याने विचारलं, हे कधीपासून आहे. दादाने सांगितलं. डॉक्टरने मान खाली घालून लिहायला घेतलं. उशीर झाला असं तो म्हणाला नाही, पण तिघांनाही ते ऐकू आलं.

बाहेरच्या बाकावर वहिनी बराच वेळ भिंतीकडे बघत बसली होती. मग मान न वळवता म्हणाली, "मी त्या दिवशीच नेत होते ना गं?"

धाकटीने हो म्हटलं.  वहिनी रागावली असती, कडाकडा बोलली असती, तर धाकटीने ते खाली मान घालून झेललं असतं. पण वहिनी मुळात भांडखोर नव्हतीच. तिने फक्त बोलणं आटपलं. धाकटी जेवायला खाली आली की ताट वाढलेलं असायचं. पाणी ठेवलेलं असायचं. वहिनी ओट्याकडे तोंड करून काहीतरी पुसत असायची. ज्या बाईने वेण्या घालून तिला शाळेत धाडलं होतं, ती आता तिच्याकडे बघत नव्हती. धाकटीला घास गिळवायचा नाही, पण ताट टाकून उठायची हिंमतही नव्हती.

एकदा तिने तोंड उघडलं. "वहिनी, माझं चुकलं. मी त्या दिवशी जे म्हणाले..."

"यांच्या गोळ्यांची वेळ झाली," असं म्हणून वहिनी उठून गेली.

दादाची खाट मागच्या खोलीत खिडकीपाशी हलवली होती. उपचार चालू होते. ते कशासाठी चालू होते, हे कोणी कोणाला विचारत नव्हतं. धाकटीने बिनपगारी रजा घेतली. ती त्याला भरवायची, त्याची उशी सारखी करायची, पेपर वाचून दाखवायची. वहिनी आत आली की ती उठायची आणि ती बाहेर गेली की वहिनी बसायची. दादा पडल्या पडल्या दोघींकडे बघायचा. त्याचा आवाज बसला होता, बोललेलं कळायला कान जवळ न्यावा लागायचा, पण डोळे तल्लख होते. घरात काय शिजतंय ते त्याला सगळं कळत होतं.

"ती बोलत नाही ना तुझ्याशी?" त्याने एकदा विचारलं.

"बोलते की."

"फोनवरच्या बायांना खोटं बोलायला शिकवत नाहीत वाटतं," तो म्हणाला आणि थकून डोळे मिटले.

पानं गळायच्या दिवसांत, एका सकाळी, दादा गेला. वहिनी त्याचा चेहरा पुसत होती, धाकटी पाणी आणायला गेली होती. ती परत आली तेव्हा वहिनी अजून पुसतच होती. धाकटीने भांडं खाली ठेवलं आणि दारात उभ्या उभ्या ती लहान मुलीसारखी मोठ्याने रडली. आता तिला धाकटी म्हणून हाक मारायचा खरा हक्क असलेलं कोणी उरलं नव्हतं.

माणसं आली, बसली, गेली. नर्सबाई आल्या आणि धाकटीचा हात धरून बसून राहिल्या. घड्याळबाईसुद्धा आली, आणि तिने एकदाही मनगटाकडे पाहिलं नाही. गल्लीतले लोक दादाच्या थट्टा आठवून हसले आणि हसता हसता रडले. मग घर रिकामं झालं. दुकानात लोकांचे अर्धवट उघडलेले फ्रिज पडून होते, ते ज्याचे त्याला परत पाठवायचे होते.

त्या कामाला दोघी दुपारी दुकानात उतरल्या. वहिनी सुटे भाग डब्यात भरत होती, धाकटी धूळ पुसत होती. धाकटीने मनाशी ठरवून ठेवलं होतं. आज सांगायचं. आता गोळ्यांची वेळ नाही, उठून जायला दादाची खाट नाही. सगळं सांगायचं. दादा दारापाशी उभा होता, माझं ऐकून मागे फिरला, माझ्या एका वाक्यावर त्याने डॉक्टरकडे जाणं सोडलं. ते ऐकल्यावर वहिनीने हाकलून दिलं तर हाकलून देऊ दे. पण हे पोटात ठेवून त्या ताटात जेवणं आता होणार नाही.

"वहिनी, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"आधी माझं ऐक," वहिनी म्हणाली. तिने डबा बाजूला ठेवला. कितीतरी महिन्यांनी ती धाकटीकडे सरळ बघत होती. तिचे डोळे भरले होते. "मी तुझ्याशी फार वाईट वागले गं. मला वाटत होतं, त्या संध्याकाळी तू मला अडवलंस म्हणून हे झालं. मी मनात तुला नाही नाही ते बोलले. मग जायच्या दोन दिवस आधी यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, धाकटीवर डूख धरू नकोस. तुला घाबरवायचं नव्हतं म्हणून तुझ्यासमोर तसं बोलली. नंतर मला दुकानात एकट्याला गाठून तिने हात जोडले होते, डॉक्टरकडे जा म्हणून. मीच गेलो नाही. तिला शपथ घातली, वहिनीला सांगू नकोस म्हणून."

धाकटीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"आणि तू शपथ पाळलीस," वहिनी म्हणाली. "माझा एवढा राग सोसलास, पण तोंडातून शब्द काढला नाहीस. मी अशी कशी गं आंधळी?" ती पुढे आली आणि तिने धाकटीच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिचं सगळं अंग हुंदक्यांनी हलत होतं. "एवढंच सांग मला. ते खरं बोलले ना? तू सांगितलं होतंस ना त्यांना?"

दादा आयुष्यभर थट्टा करत आला होता, पण असं धडधडीत खोटं तो कधी बोलला नव्हता. बसलेल्या आवाजात, शब्दाशब्दाला धाप लागत असताना, त्याने ते जुळवून ठेवलं होतं. खरं सांगितलं तर धाकटीच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. पण वहिनीला गेलेला नवरा खोटारडा ठरला असता, राहिलेली नणंद परकी झाली असती, आणि या दोन खोल्यांत ती एकटी उरली असती. धाकटीला हे सगळं एका क्षणात दिसलं. आपल्याला हे ओझं आता कोणापाशीही, कधीही उतरवता येणार नाही, हेही दिसलं. तिला दादाचा राग आला, आणि त्याच्यावर तेवढीच माया दाटून आली.

"सांग ना गं."

"हो वहिनी," धाकटी म्हणाली. "सांगितलं होतं."

"ऐकलं असतं त्यांनी तुझं, तर आज असते," वहिनी म्हणाली, आणि तिने धाकटीला आणखी घट्ट धरलं.